पीएमच्या (पोस्टमॉर्टेमच्या) आधीचा सीटी स्कॅन: बॅग उघडण्याआधीपासून कोर्टातल्या थ्रीडी चित्रापर्यंत, नेमक्या क्रमाने

बऱ्याच ठिकाणी असं होतं. सीटी मशीन मिळतं, रात्रीचा स्लॉट मिळतो, टेक्निशियन तयार होतो, बॉडीचा स्कॅन होतो, आणि शेवटी हातात राहतं ते कवटीचं एक गोल फिरणारं थ्रीडी चित्र आणि पाच मिलिमीटरच्या जाड स्लाइस (शरीराच्या आडव्या कापांची चित्रं), ज्यांवरून सहा महिन्यांनी कोर्टात एक मापसुद्धा छातीठोकपणे सांगता येत नाही. मशीन चांगलंच असतं, चुकतो तो क्रम. थ्रीडी चित्र हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे आणि लोक तिथूनच सुरुवात करतात.

दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून व्हर्च्युअल ऑटोप्सीचं, म्हणजे स्कॅनवरून पीएम करण्याचं, वेगळं सेंटर आहे. पण बाकी बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलचंच मशीन, दिवसभराचे पेशंट झाल्यावर, उसनं वापरावं लागतं, त्यामुळे खालचं सगळं तेच गृहीत धरून लिहिलंय. फॉरेन्सिकचे रेसिडेंट, रेडिओलॉजीवाले आणि मॉर्च्युरी सांभाळणारे, तिघांनीही वाचा कारण चुका तिघांच्या मधल्या फटीत होतात.

टप्पा १: स्कॅन कशासाठी, हे आधी एका ओळीत लिहा

"होल बॉडी सीटी करा" हा प्रश्न नाही. गोळी आत आहे का, कुठे आहे, कवटीत गेली कुठून आणि निघाली कुठून, हा प्रश्न आहे. हायॉइड (गळ्यातलं नालेच्या आकाराचं छोटं हाड) शाबूत आहे का, हा प्रश्न आहे. जळालेल्या बॉडीत धातू आहे का, दातांवरून ओळख पटेल का, हे प्रश्न आहेत. प्रश्न लिहिला की प्रोटोकॉल आपोआप ठरतो.

सीटी कुठे जोरात चालतो ते डोक्यात पक्कं ठेवा: हाडं, धातू, गॅस, मोठा रक्तस्राव, कुजलेली किंवा जळालेली बॉडी, ओळख पटवणं. कुठे कमी पडतो तेही: हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी, फुप्फुसातली गुठळी, ताजा हार्ट अटॅक, विषबाधा, त्वचेवरचं खरचटणं. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि ऑक्सफर्डला १८२ मृतदेहांवर आधी सीटी-एमआरआय आणि मग पूर्ण पीएम असं काम झालं, २०१२ मध्ये छापून आलं, त्यात सीटीवरून काढलेलं मृत्यूचं कारण आणि पीएमवरून काढलेलं कारण यांत ३२ टक्के केसेसमध्ये मोठा फरक होता. निसटलेल्या गोष्टींत हृदयविकार आणि फुप्फुसातली गुठळी होत्याच.

थांबा: नातेवाइकांना "आता चिरफाड करावी लागणार नाही" असं कुणीही सांगू नका, ना वॉर्डबॉयने ना डॉक्टरने. स्कॅन बघून चिरा कमी लागतील कदाचित, पण ते आधीच कबूल करायचं नाही. दुःखात असलेल्या माणसाला दिलेला शब्द दोन तासांनी मोडायचा, हे फार वाईट.

टप्पा २: कागद आणि नंबर

इन्क्वेस्ट झाल्याशिवाय, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालचा पंचनामा आणि पोलिसांचं पीएमसाठीचं पत्र हातात आल्याशिवाय बॉडी हलवायची नाही. कोठडीतला मृत्यू असेल तर कलम १९६, मॅजिस्ट्रेटची चौकशी आली, तिथे स्कॅनची वेळ त्यांना कळवूनच ठरवा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ती गोष्ट. मशीनवर पेशंटचं नाव टाकताना टेक्निशियन "अननोन" टाकतो, आयडीच्या जागी काहीतरी १२३, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी अनोळखी बॉडी येते तिलाही तेच. पॅक्स (हॉस्पिटलचे स्कॅन साठवणारी) सिस्टिम दोन्ही एकाच माणसाचे समजून जोडून टाकते. म्हणून आयडी कायम पीएम नंबर आणि वर्ष, नावाच्या जागी पोलिस स्टेशनचा एडी (अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा) नंबर, आणि हे आधीच चिठ्ठीवर लिहून टेक्निशियनच्या हातात द्यायचं, तोंडी सांगायचं नाही.

तपासा: बॅगवरचा टॅग, पायाच्या अंगठ्याचा टॅग, पोलिसांचं पत्र आणि मशीनच्या स्क्रीनवरचा आयडी, चारही जुळले का? अंगठ्याचा टॅग बघायला बॅग उघडावी लागत असेल तर तो बॅग बंद करतानाच दोघांनी बघून सही केलेली असावी.

मृताला डोसची चिंता नाही पण ऑपरेटरला आहे, एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम तेच लागू, टीएलडी बॅज (अंगावर पडलेला रेडिएशनचा डोस मोजणारा) लावूनच आत.

टप्पा ३: बॉडी जशी आहे तशी, बॅगेसकट

बॅग उघडायची नाही, कपडे काढायचे नाहीत, धुवायचं तर अजिबात नाही. गळ्यातला फास तसाच, नळ्या आणि सलाईनच्या सुया तशाच. गोळीच्या केसमध्ये कपड्यांत किंवा बॅगेच्या तळाशी पडलेली गोळी स्कॅनमध्ये दिसते, कपडे आधीच काढून बाजूला फेकले की ती हरवली. जखमेत प्रोब (सळई) घालून "दिशा बघूया" हे स्कॅनच्या आधी कधीच नाही, प्रोबने नवीन वाट तयार होते आणि मग खरी कुठली हे कुणालाच सांगता येत नाही.

बॅग प्लास्टिकच्या चेनची हवी. धातूची चेन असेल तर चित्रात बरोबर छातीवरून रेघा ओढते. दोन बॅगा, एकात एक, म्हणजे गळती होत नाही आणि रेडिओलॉजीवाले पुढच्या वेळी नाही म्हणत नाहीत. टेबलावर प्लास्टिक शीट. नंतर पुसायला मशीनच्या कंपनीने सांगितलेलंच डिसइन्फेक्टंट.

अकड आलेली असेल तर हात सरळ करू नका, मोडू नका. जिवंत पेशंटमध्ये छातीच्या स्कॅनला हात वर घेतात कारण खाली असले की रेघा येतात. इथे त्या रेघा सहन करायच्या, कारण अकड मोडली की एक निरीक्षण कायमचं गेलं. जळालेल्या बॉडीचे हात बॉक्सरसारखे वाकलेले असतात आणि गँट्रीचं (मशीनच्या गोल कड्याचं) भोक साधारण ७० सेंटिमीटरचं असतं, त्यामुळे मॉर्च्युरीतून निघण्याआधीच टेपने रुंदी-उंची मोजा, सीटी रूममध्ये पोचून परत फिरण्यात अर्धी रात्र जाते.

टप्पा ४: टेबलावर

पाठीवर, डोकं आत, शक्य तितकं मध्यभागी. उजव्या बाजूला बॅगेच्या बाहेरून शिशाचं "उजवं" अक्षर किंवा छर्रा चिकटवा. हे किरकोळ वाटतं पण बॉडी पाय आत करून ठेवलेली आणि मशीनवर "डोकं आत" असंच राहिलं, किंवा पालथी बॉडी आणि मशीनवर उताणी, की डावं-उजवं उलटतं. मग डाव्या कानशिलाची जखम रिपोर्टमध्ये उजवीकडे जाते.

बॉडीच्या शेजारी माहीत असलेल्या लांबीची एक वस्तू ठेवा, बरोबर १०० मिलिमीटरची ॲक्रिलिकची पट्टी पुरते. पुढे कुणी विचारलं की तुमच्या स्क्रीनवरची मापं बरोबर कशावरून, तर उत्तर त्याच स्कॅनमध्ये असतं.

जखमेचा ठसा, चावा, टायरची नक्षी असलं काही असेल आणि त्याचं फोटोंवरून थ्रीडी करायचं असेल, तर स्कॅननंतर बॅग उघडल्यावर आधी फोटो, मग धुणं. फोटोतलं मॉडेल सीटीवर बसवायचं असेल तर मात्र दोन्हीत दिसणारे मार्कर आधीपासून अंगावर लागतात. अशा निवडक केसमध्येच बॅग आधी, पोलिस आणि डॉक्टर दोघांसमोर, फक्त मार्कर लावण्यापुरती उघडा आणि तशी नोंद करा.

टप्पा ५: स्कॅन

आधी डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत स्काउट, म्हणजे एक्स-रेसारखी प्राथमिक इमेज. ही साधी सपाट इमेज लोक बघतच नाहीत, पण धातू कुठे कुठे आहे ते इथेच पहिल्यांदा कळतं.

मग दोन वेगळे स्कॅन:

१. डोकं आणि मान, छोट्या फील्डमध्ये (फील्ड म्हणजे चित्रात येणारी रुंदी). २५० मिलिमीटरचं फील्ड ठेवलं तर एक पिक्सेल साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पडतो.

२. मानेपासून खाली, ५०० मिलिमीटरच्या फील्डमध्ये. इथे पिक्सेल जवळपास १ मिलिमीटरचा. म्हणूनच हायॉइडची बारीक मोड होल बॉडीच्या डेटात शोधत बसू नका.

१२० केव्हीपी (एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज), बॉडी जाड असेल किंवा धातू असेल तर १४०. स्लाइस ०.६२५ किंवा मशीनला जमेल तितकी बारीक, आणि स्लाइसमधलं अंतर जाडीपेक्षा कमी म्हणजे एकमेकींवर थोड्या चढतील अशा. पिच (ट्यूबच्या एका फेरीत टेबल किती सरकतं त्याचं प्रमाण) १ च्या खाली. श्वास नाही, हालचाल नाही, डोस वाचवायचा नाही, फक्त ट्यूब तापते म्हणून मधे थांबावं लागतं तेवढा वेळ हातात धरा.

थांबा: गँट्रीचा टिल्ट शून्य. मेंदूच्या स्कॅनला गँट्री थोडी झुकवायची टेक्निशियनची सवय असते, पेशंटसाठी ते ठीक, पण झुकलेल्या डेटावरून काही सॉफ्टवेअर वाकडी कवटी बनवतात आणि ते बघताना लक्षातही येत नाही.

टेबलाची चाल पायांपर्यंत पुरत नाही बहुतेक वेळा. मग बॉडी फिरवून पाय आत घालून दुसरा स्कॅन, दोन्हींमध्ये १० सेंटिमीटरचा भाग दोनदा येईल असा. पण फिरवताना छातीतलं, श्वासनळीतलं द्रव हलतं, म्हणून डोकं-धड नेहमी आधी आणि पाय नंतर. आणि फिरवल्यावर मशीनवर दिशा बदलायची, वरचा उजव्या-डाव्याचा मुद्दा इथे परत येतो.

प्रत्येक भागाची दोन रिकन्स्ट्रक्शन (त्याच स्कॅनच्या डेटातून बनवलेले चित्रांचे संच): एक सॉफ्ट टिश्यूची, एक हाडांची. गोळी किंवा इतर धातू असेल तर वाढीव एचयू स्केलवर (एचयू म्हणजे सीटीत घनता मोजायचं एकक) तिसरी, कारण नेहमीचं स्केल ३०७१ ला संपतं आणि शिसं, तांबं, स्टील सगळं तिथे एकसारखं पांढरं दिसतं.

लहान मुलांच्या संशयास्पद मृत्यूत सीटीसोबत साधे एक्स-रेही काढा, पूर्ण सांगाड्याचे. हाडांच्या टोकाशी असलेल्या बारीक इजा सीटीत निसटतात.

एमआरआय करायचाच असेल तर सीटीनंतर. आत लोखंडी तुकडा नाही याची खात्री सीटीतून होते, आणि बॉडी थंड असली की एमआरआयचा कॉन्ट्रास्ट (चित्रातला उजळ-गडद फरक) बदलतो म्हणून त्या वेळचं शरीराचं तापमान लिहून ठेवा.

टप्पा ६: बॉडी टेबलावरून उतरवण्याआधी पाच मिनिटं

- शेवटचं बोट आलं का, डोक्याचा माथा कापला गेला नाही ना
- त्वचेची कड सगळीकडे फील्डच्या आत आहे का
- शिशाचं अक्षर योग्य बाजूला दिसतंय का
- पट्टी मोजली तर १०० च्या आसपास येते का
- बारीक स्लाइस खरंच बनल्या का, की फक्त ५ मिलिमीटरच्या

गोळीच्या केसमध्ये इथेच गणित: आत शिरण्याच्या जखमा वजा बाहेर पडण्याच्या, म्हणजे आत उरलेल्या गोळ्या. त्वचा अजून बघितलेली नाही तेव्हा आत्ता धातूचे तुकडे मोजून लिहा आणि बाहेरच्या तपासणीनंतर जुळवा. जुळत नसेल तर पायापर्यंत परत शोधा, गोळी रक्तवाहिनीतून वाहत लांब गेलेली असू शकते.

टप्पा ७: डेटा, त्याच रात्री

१.८ मीटरच्या बॉडीच्या अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर ३६०० स्लाइस होतात, प्रत्येक साधारण अर्धा एमबी, म्हणजे एका रिकन्स्ट्रक्शनचे जवळपास १.९ जीबी. हॉस्पिटलच्या सिस्टिमवर बारीक स्लाइस जागा खातात म्हणून काही दिवसांत आपोआप उडवल्या जातात आणि जाड तेवढ्या उरतात. हे फार ठिकाणी घडतं आणि कळतं ते समन्स आल्यावर.

त्यामुळे मूळ डायकॉम (मशीनच्या स्वतःच्या फॉरमॅटमधल्या) फाइल्स, जेपीईजी नाही, स्क्रीनशॉट नाही, त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर. कॉम्प्रेस करू नका. पूर्ण फोल्डरची एसएचए-२५६ हॅश (फाइल्सवरून काढलेला, त्यात जरा बदल झाला तरी बदलणारा कोड) काढा, ती पीएमच्या नोंदवहीत हाताने लिहा, दोघांच्या सह्या घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे सर्टिफिकेट लागतं त्यात हॅश भरावीच लागते, आणि दोन वर्षांनी काढलेल्या हॅशला तेवढा अर्थ नाही.

पुढचं सगळं काम कॉपीवर.

टप्पा ८: अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करणार असाल तरच

क्रम असा: साधा सीटी, मग विषतपासणीचे नमुने म्हणजे मांडीच्या शिरेतलं रक्त, डोळ्यातलं व्हिट्रिअस (आतलं द्रव), लघवी, आणि त्यानंतरच कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून आत सोडायचं द्रव्य). उलटं केलं की रक्ताचा नमुना कॉन्ट्रास्टने पातळ झालेला असतो आणि केमिकल ॲनालायझरच्या रिपोर्टवर कायमचं प्रश्नचिन्ह लागतं. हवा रक्तवाहिनीत शिरल्याचा संशय असेल तर गॅसचा नमुनाही आधीच.

टप्पा ९: स्लाइस वाचणं, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जिवंत पेशंटचे सीटी वाचणारा हुशार रेडिओलॉजिस्टसुद्धा इथे फसतो, कारण मृत्यूनंतरचे नैसर्गिक बदल आजारासारखे दिसतात. म्हणून फॉरेन्सिकवाला आणि रेडिओलॉजिस्ट शेजारी बसून वाचा, आणि मृत्यूची अंदाजे वेळ, स्कॅनची वेळ आणि बॉडी फ्रीजमध्ये होती का, हे तिन्ही समोर ठेवा. स्कॅन रात्री आणि पीएम सकाळी असेल तर मधल्या तासांत गॅस वाढलेला असणार, दोन्ही वेळा लिहा.

मेंदूत राखाडी आणि पांढऱ्या भागातला फरक पुसट होतो, सूज आल्यासारखं दिसतं, शिरांमधलं रक्त घट्ट दिसतं. यावरून घाईने मेंदूभोवतीचा रक्तस्राव लिहू नका.

रक्त खाली बसतं. हृदयात आणि महाधमनीत वर पातळ खाली दाट अशी आडवी पातळी दिसते, महाधमनीची भिंत उजळ दिसते. आजार नाही तो.

फुप्फुसांच्या खालच्या बाजूला, म्हणजे उताणी बॉडी असेल तर पाठीकडे, धूसरपणा येतो. न्यूमोनिया म्हणण्याआधी त्वचेवरची लिव्हिडिटी (मृत्यूनंतर रक्त साचून येणारा जांभळट रंग) कुठल्या बाजूला आहे ते बघा, दोन्ही एकाच बाजूला असतील तर बहुधा रक्त साचलेलं आहे. बॉडी आधी तासन्‌तास पालथी होती आणि नंतर उताणी केली तर चित्र मिसळतं, म्हणून पंचनाम्यात बॉडी कशी सापडली ते वाचल्याशिवाय फुप्फुसावर मत देऊ नका.

गॅस. कुजण्याचा गॅस सगळीकडे पसरतो, यकृतात, रक्तवाहिन्यांत, मेंदूत, त्वचेखाली. बॉडी ताजी आहे, मानेवर उघडी जखम आहे आणि गॅस मुख्यतः उजव्या हृदयात आहे, तर हवा शिरण्याचा विचार करा. पण सीपीआरनेही (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून दिलेल्या उपचारानेही) गॅस दिसू शकतो.

सीपीआरने पुढच्या बरगड्या मोडतात, दोन्हीकडे, साधारण सारख्या, उरोस्थीही. हॉस्पिटलचे कागद मागवा, सीपीआर दिला का, किती वेळ. कागद न मागवता "छातीवर मारहाण" असं लिहिलं तर एखादा निर्दोष माणूस आत जातो.

सायनसमध्ये पाणी, श्वासनळीत फेस: बुडण्यात दिसतो, पण इतरही मृत्यूंमध्ये दिसतो. एकट्या सीटीवर बुडून मृत्यू ठरत नाही.

जळालेल्या बॉडीत कवटीच्या आत उष्णतेने रक्त साचतं, ते फेसाळ, बुडबुड्यांचं दिसतं. हाडंही उष्णतेने तडकतात. मार लागलाय म्हणण्याआधी बाहेरची त्वचा त्या जागी किती जळालीय ते जुळवा.

गळफास आणि गळा दाबणं, आपल्याकडे रोजचं काम, म्हणून जरा थांबून. हायॉइडची मोठी शिंगं मधल्या भागाला सगळ्यांचीच जुळलेली नसतात, मोठ्या माणसातही नाही. तो सांधा फटीसारखा दिसतो आणि फ्रॅक्चर म्हणून लिहिला जातो. दोन्ही बाजूंना सारखा, कडा गुळगुळीत असेल तर सांधा. एकाच बाजूला, कड धारदार, तुकडा सरकलेला, तर मोड. थायरॉइड कूर्चेच्या वरच्या शिंगाजवळ छोटी सुटी कूर्चा असते, तीही तुटका तुकडा वाटते. आणि मोड दिसली तरी ती जिवंतपणी झाली का हे सीटी ठामपणे सांगत नाही, आजूबाजूच्या रक्तासाठी मान थरथर उघडावीच लागते, तीही मेंदू आणि छाती काढून रक्त निचरल्यानंतर.

कवटीतली गोळी: आत जाताना भोक आतल्या बाजूला रुंद होतं, बाहेर पडताना बाहेरच्या. हे आडव्या स्लाइसवर तिरकं दिसतं, एमपीआरमध्ये (स्लाइस हव्या त्या कोनात फिरवून बघायची सोय) प्लेन गोळीच्या वाटेत फिरवून मग बघा आणि कोनही त्यातच मोजा. धातू सीटीत प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो, त्यामुळे सीटीवरून कॅलिबर (गोळीचा व्यास) लिहायचं नाही. छाती-पोटातली वाट उभ्या माणसात वेगळी असते, झोपलेल्या बॉडीत अवयव सरकतात, तेही रिपोर्टमध्ये लिहा. चाकूच्या जखमेची खोली सीटीवर मोजू नका, मऊ भागात वाट मिटलेली असते.

टप्पा १०: आता थ्रीडी

वाचून झालं, निष्कर्ष लिहून झाले, मग हे. थ्रीडी स्लायसर हे फुकट सॉफ्टवेअर या कामाला भरपूर आहे.

१. कॉपीतला हाडांचा डेटा उघडा, डावं-उजवं शिशाच्या अक्षरावरून तपासा.

२. सेगमेंट एडिटरमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या घनतेच्या वरचं तेवढं थ्रीडीत घ्यायचं तो आकडा. हाडांसाठी २०० ते २५० एचयूपासून सुरू करून बघा, आणि जो आकडा ठेवाल तो लिहून ठेवा.

३. टेबल, बॅगची चेन, कपड्यांची बटणं कात्रीच्या टूलने काढा. हाडाचे सुटे तुकडे "कचरा" म्हणून उडवणाऱ्या टूलपासून सावध, तेच तुकडे तुमचा पुरावा असू शकतात.

४. स्मूदिंग बंद. गुळगुळीत कवटी सुंदर दिसते आणि केसासारखी बारीक मोड गिळून टाकते.

थांबा: डोळ्याच्या खोबणीचं छत, नाकाच्या बाजूची भिंत असली कागदासारखी हाडं थ्रीडीत भोकं पडल्यासारखी दिसतात. थ्रेशोल्डमुळे. थ्रीडीत दिसलेलं प्रत्येक भोक आणि प्रत्येक भेग स्लाइसमध्ये सापडली पाहिजे, नाही सापडली तर ती नाहीच असं धरा. मापंही स्लाइसवरच.

थ्रीडी प्रिंट काढणार असाल तर प्रिंटवर व्हर्नियरने तीन अंतरं मोजा, स्लाइसवरच्या मापांशी ताडून बघा, फरक लिहून त्या प्रिंटसोबत ठेवा.

टप्पा ११: पीएम टेबल, रिपोर्ट, कोर्ट

स्क्रीन पीएम रूममध्ये आणा, निदान मुख्य स्लाइसचे प्रिंट भिंतीवर लावा. गोळी कुठे आहे हे माहीत असूनही चाचपडत बसणारे डॉक्टर आहेत कारण स्कॅन रेडिओलॉजीतच राहिला. जे सीटीत दिसलं आणि पीएममध्ये सापडलं नाही, आणि जे पीएममध्ये सापडलं पण सीटीत नव्हतं, दोन्ही लिहा. खोडायचं नाही, जुळवून घ्यायचं नाही.

रिपोर्टमध्ये रेडिओलॉजीचा भाग "काय दिसलं" एवढ्यावर थांबतो. मृत्यूचं कारण पीएम करणारा डॉक्टर लिहितो, इतिहास, पीएम, व्हिसेरा आणि हिस्टोपॅथॉलॉजी (मायक्रोस्कोपखाली केलेली तपासणी) सगळं बघून. स्लाइसची जाडी, केव्हीपी, रिकन्स्ट्रक्शन, सॉफ्टवेअर आणि त्याचं व्हर्जन, थ्रेशोल्ड, हॅश हे एका चौकटीत शेवटी द्या.

कोर्टात थ्रीडी चित्र दाखवताना शेजारी तीच जागा दाखवणारी मूळ स्लाइस ठेवा. रंग सॉफ्टवेअरने दिलेत, लाल म्हणजे रक्त नाही, हे उलटतपासणीत विचारायच्या आधी स्वतःहून सांगा. आणि समोरच्या वकिलाने डेटा मागितला तर त्याला मूळ डायकॉमची कॉपी हॅशसकट मिळाली पाहिजे, म्हणजे त्याचा तज्ज्ञही तेच बघू शकेल जे तुम्ही बघितलं.